पॅसिव्ह सॅम्पलरवरील जैवलेप

प्रदूषण मोजण्यासाठी पाण्यात टांगलेल्या पॅसिव्ह सॅम्पलरच्या पडद्यावर जिवाणू, शैवाल व इतर जलजीव वाढून बसणारा थर. हा थर प्रदूषकांची वाट अडवतो. त्यामुळे पाणी आहे त्याहून स्वच्छ भासण्याचा धोका असतो.

पॅसिव्ह सॅम्पलरला पंप लागत नाही की वीज लागत नाही. साधारण दोन ते चार आठवडे तो नदीत, खाडीत वा समुद्रात राहतो आणि विरघळलेली प्रदूषके पडद्यातून पाझरून आत साठतात. अमेरिकेत जेम्स हकिन्स व सहकाऱ्यांनी १९९०च्या सुमारास विकसित केलेले ‘एसपीएमडी’ हे त्यातले नावाजलेले साधन. पॉलिएथिलीनच्या चपट्या नळीत ट्रायोलीन या स्निग्ध द्रवाचा पातळ थर, एवढीच त्याची रचना.

पडदा पाण्यात पडला की आधी त्यावर सेंद्रिय रेणू चिकटतात. मागोमाग जिवाणू येतात आणि बुळबुळीत शर्करायुक्त स्राव सोडतात. त्यात डायटम व हिरवे शैवाल रुजते. समुद्रात पुढे बार्नेकल आणि शिंपलेही ठाण मांडतात. उबदार, उजेडाच्या, सांडपाण्याने पोसलेल्या पाण्यात ही वाढ झपाट्याने होते.

समजा, स्वच्छ पडदा दिवसाला ०.२ लिटर पाण्यातले प्रदूषक टिपतो. म्हणजे २८ दिवसांत ५.६ लिटरमधले. थरामुळे हा वेग सरासरी निम्मा झाला, तर प्रत्यक्षात २.८ लिटरमधलेच प्रदूषक आत जाते. हिशेब मात्र मूळ वेगाने केला, तर पाण्यातले प्रमाणही निम्मेच निघते. शिवाय काही द्रव्ये थरातच अडकतात, काही जिवाणू फस्त करतात.

यावर उपाय म्हणजे संदर्भ संयुगे. पाण्यात एरवी न सापडणारी, उदाहरणार्थ ड्यूटेरियमयुक्त, संयुगे सॅम्पलरमध्ये आधीच भरतात. थर आत येणाऱ्या द्रव्यांना रोखतो तसाच यांनाही सहजी बाहेर पडू देत नाही. म्हणून शेवटी किती उरली यावरून शोषणाचा खरा वेग काढता येतो. औषधे व कीटकनाशके टिपणाऱ्या ‘पोसिस’ या सॅम्पलरमध्ये ही युक्ती सहसा चालत नाही, कारण त्यातले घन शोषक रेणू घट्ट धरून ठेवते. त्याचा पॉलिइथरसल्फोनचा पडदा मात्र पॉलिएथिलीनपेक्षा कमी माखतो.

मुक्काम कमी करणे, सॅम्पलर सावलीत टांगणे, तांब्याची जाळी लावणे हेही उपाय आहेत. पण धातूच मोजायचे असतील तर तांबे वर्ज्य. बाहेर काढल्यावर पडद्याचे छायाचित्र घेतात, थराची नोंद करतात आणि एसपीएमडी असल्यास विश्लेषणाआधी त्याचा पृष्ठभाग ब्रशने घासून स्वच्छ करतात.