तळटीप : ‘समितीची मंजुरी’
मूळ मजकुरात अभिप्रेत आहे ती संस्थेची नैतिकता समिती. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तिचा अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो; डॉक्टरांच्या जोडीला कायदेतज्ज्ञ, समाजशास्त्रज्ञ आणि एक सामान्य नागरिकही बसतो. प्रस्ताव तपासणे, काम चालू असताना लक्ष ठेवणे, प्रसंगी ते थांबवणे, हे तिचे अधिकार. गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरीकडच्या गावांत खरी कसोटी लागते ती संमतीपत्राशी. निरक्षर व्यक्तीला मजकूर तिच्या बोलीत, मग ती झाडीबोली असो वा गोंडी, समजावून सांगायचा. अंगठा उमटताना संशोधकांशी लागाबांधा नसलेला साक्षीदार हजर हवा. गावप्रमुखाने मान डोलावली म्हणून घरातल्या बाईचा होकार धरता येत नाही (शहरातून आलेले अभ्यासक हे सोयीस्करपणे विसरतात). होकार दिल्यावरही ती केव्हाही, कारण न सांगता, अभ्यासातून बाहेर पडू शकते.