सुई न टोचणारी डॉक्टर

मागच्या महिन्यात बचत गटाच्या बैठकीत एका मुलीनं सांगितलं, की तिला फायनान्समध्ये पीएच.डी. करायची आहे. मुलगी एम.कॉम.ला आहे, हिशोबात पक्की. तिची आजी शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "डॉक्टर व्हायचं आणि सुईसुद्धा टोचायची नाही, मग उपयोग काय गं?" आम्ही सगळ्या हसलो. पण आजीला द्यायला उत्तर आमच्यापैकी एकीकडंही नव्हतं. म्हणून आम्ही थोडं वाचलं, जाणत्यांना विचारलं. आज तीच गोष्ट तुम्हाला सांगतो.

पूर्वी व्यापार शिकायचा तो दुकानात, गल्ल्यावर बसून. विद्यापीठात व्यापार शिकवायचा ही कल्पना तशी नवी. अमेरिकेत शिकागो विद्यापीठानं १८९८ मध्ये व्यापाराचं कॉलेज काढलं आणि १९२० मध्ये तिथं या विषयात डॉक्टरेटचा अभ्यासक्रम सुरू केला. १९२९ मध्ये ऊर्सुला बॅचेल्डर स्टोन या बाईंनी तिथून ही पदवी मिळवली. त्या शाळेतून डॉक्टरेट घेणारी ती पहिली स्त्री. सगळीकडं अशी दारं उघडी नव्हती. हार्वर्डच्या बिझनेस स्कूलनं दोन वर्षांच्या एमबीएला बायकांना घेतलं ते १९६३ मध्ये, आणि त्या वर्षी आठच जणी होत्या.

पैसा हा पीएच.डी.चा विषय होऊ शकतो, हेही लगेच पटलं नाही. शिकागोच्याच अर्थशास्त्र विभागात हॅरी मार्कोविट्झ या विद्यार्थ्यानं प्रबंध लिहिला. सगळे पैसे एका जागी न ठेवता विभागून ठेवले तर धोका किती कमी होतो, हे त्यानं गणितानं मांडलं. प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत मिल्टन फ्रीडमन यांनी हरकत घेतली, की हे अर्थशास्त्रच नाही, मग त्यातली पदवी द्यायची कशी? पदवी मिळाली. पुढं १९९० मध्ये याच कामासाठी मार्कोविट्झ यांना अर्थशास्त्राचं नोबेलही मिळालं.

आता आम्हाला सगळ्यात आवडलेली गोष्ट. शेअर दलालीच्या मेरिल लिंच या कंपनीतल्या एका अधिकाऱ्यानं शिकागोच्या बिझनेस स्कूलमधले प्राध्यापक जेम्स लॉरी यांना विचारलं, "शेअरमध्ये पैसे घालून लोकांना आजवर नेमकं किती मिळालं?" प्रश्न साधा होता, पण उत्तर कोणाकडंच नव्हतं. १९६० मध्ये त्यासाठी एक केंद्र उभं राहिलं. लॉरी आणि लॉरेन्स फिशर यांनी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातले १९२६ पासूनचे भाव गोळा केले. लाभांश जमेला धरला. बंद पडलेल्या कंपन्याही सोडल्या नाहीत. १९६४ मध्ये उत्तर छापून आलं, वर्षाला सरासरी सुमारे ९ टक्के.

बंद पडलेल्या कंपन्याही मोजल्या, हे महत्त्वाचं. आपल्याकडं एखाद्या स्कीमचा एजंट दारात येतो तेव्हा फायदा झालेल्यांचीच नावं सांगतो. बुडालेल्यांची यादी त्याच्या पिशवीत नसते. ती यादीही हिशोबात धरायची, हे या अभ्यासाचं पहिलं काम.

त्याच १९६० मध्ये यूजीन फामा नावाच्या तरुणानं शिकागोला अर्ज केला होता. तो फ्रेंच भाषा शिकलेला. उत्तर आलं नाही म्हणून त्यानं फोन लावला. कळलं, की अर्ज पोचलाच नव्हता! पण त्याचे मार्क ऐकून तिथल्या डीननं त्याच्या कॉलेजसाठी राखून ठेवलेली शिष्यवृत्ती त्याला देऊ केली. त्यानं ३० मोठ्या कंपन्यांच्या शेअरचे रोजचे भाव तपासले. कालच्या भावावरून उद्याचा भाव सांगता येतो का, हा त्याचा प्रश्न. त्याला तसा फारसा आधार सापडला नाही. १९६४ मध्ये त्याला डॉक्टरेट मिळाली आणि २०१३ मध्ये नोबेल.

तिकडं हा अभ्यास साधारण पाच वर्षांचा असतो. पहिली दोन वर्षं अर्थशास्त्र, गणित, संख्याशास्त्र, मग अवघड परीक्षा आणि त्यानंतर स्वतःचा प्रश्न घेऊन प्रबंध. मोठ्या विद्यापीठांत निवड झालेल्यांना बहुतेक वेळा फी माफ असते, वर दरमहा पैसे मिळतात. त्याबदल्यात शिकवणं, संशोधनात मदत करणं ही कामं करावी लागतात.

आपल्याकडं अहमदाबादच्या आयआयएमनं १९७१ मध्ये असा अभ्यासक्रम सुरू केला. पण तेव्हा पदवी नव्हे, 'फेलो' हा किताब मिळायचा. २०१७ च्या कायद्यानंतर आयआयएमना पीएच.डी. देता येऊ लागली. विद्यापीठांतही पीएच.डी. करता येते, आणि नेट परीक्षेत जेआरएफ मिळालं तर सरकारी फेलोशिप मिळते. म्हणजे घर गहाण ठेवूनच शिकावं लागतं, असं नाही.

अमेरिकेतली फायनान्सच्या अभ्यासकांची संघटना १९३९ ची. तिच्या अध्यक्षपदी पहिली स्त्री आली ती २००२ मध्ये, मॉरीन ओ'हारा. बाजारात भाव नेमका ठरतो कसा, घेणारा आणि विकणारा यांच्यात काय घडतं, हा त्यांचा विषय. बाजार समितीत कांद्याच्या लिलावाला उभ्या राहिलेल्या बाईला हा प्रश्न कोणी समजावून सांगायला नको.

आमचेही प्रश्न आहेत. गटाचं कर्ज बाईच्या नावावर निघतं, पण तो पैसा कुठं घालायचा हे घरात कोण ठरवतं? हप्ता चुकू नये म्हणून ती कुठं काटकसर करते, औषधात की पोराच्या फीमध्ये? हे मोजायला आमच्यातलीच कोणी बसली, तर काय विचारायचं हे तिला आधीच ठाऊक असेल.

हे सगळं आम्ही आजीला सांगितलं. ती ऐकत राहिली आणि मग नातीला म्हणाली, "बुडालेल्यांची यादी करशील ना, त्यात माझं नाव पहिलं घाल." कुठल्याशा स्कीममध्ये तिचे पैसे गेले होते. घरात आजवर तिनं ते कोणाला सांगितलं नव्हतं.

मैत्रिणींनो, तुमच्या घरी अशी हिशोबात पक्की मुलगी असेल तर तिला नेटच्या तारखा बघायला सांगा.