जुनी स्पोर्टी गाडी लाँग ड्राइव्हसाठी: मॉडिफाय करायची की आहे तशीच ठेवायची?

आपल्याकडे 'स्पोर्ट्स कार' म्हटलं की खरीखुरी दोन दारांची गाडी फार कमी लोकांकडे असते. पण पंधरा-वीस वर्षांपूर्वी रस्त्यावर अशा काही साध्या दिसणाऱ्या गाड्या होत्या, ज्यांचं इंजिन त्या काळाच्या मानाने भलतंच दमदार होतं. होंडा सिटीचं १.५ व्हीटेक मॉडेल, १०० हॉर्सपॉवरच्या वर. फियाट पालिओ १.६, १६ व्हॉल्व्ह, साधारण १०० हॉर्सपॉवर. पालिओ २००१ मध्ये आली, कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची, जाहिरातीत सचिन तेंडुलकर असायचा. आज या गाड्या एखाद्या नव्या प्रीमियम स्कूटरच्या किमतीत मिळून जातात, म्हणून पंचविशीतली पोरं त्या हौसेने घेतात.

महाडच्या खाडीपट्ट्यातल्या तुडीलसारख्या गावाचं उदाहरण घेऊ. घरातला मुलगा मुंबईत नोकरीला, गाडी कधी मुंबईत तर कधी गावी. वापर काय? शुक्रवारी रात्री मुंबई-गोवा हायवेने गावी यायचं, रविवारी सकाळी मित्रांना घेऊन पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चक्कर मारायची. रेसिंग नाही, आरामात लांबचं अंतर कापायचं. मग रील बघून प्रश्न सुरू होतात: ईसीयू रिमॅप करू का, एक्झॉस्ट बदलू का, गाडी खाली बसवू का, मोठे अलॉय टाकू का?

या वापरासाठी पॉवर वाढवण्यावर एक रुपयाही घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. का, ते आकड्यांनी बघू.

क्रूझिंगला किती हॉर्सपॉवर लागते?

सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाताना इंजिन फक्त दोन गोष्टींशी भांडत असतं: हवेचा विरोध आणि टायरचा रोलिंग विरोध. माणसांसकट १२०० किलोच्या छोट्या गाडीचा हिशोब मांडला, तर ८० च्या स्पीडला साधारण १२ ते १५ हॉर्सपॉवर पुरते. १०० च्या स्पीडला २० ते २२. आता घाट घ्या. दर १०० मीटरला ५ मीटर चढ असलेल्या रस्त्यावर ५० च्या स्पीडने चढायलासुद्धा २० च्या आसपासच लागते.

म्हणजे १०० हॉर्सपॉवरच्या गाडीतली ऐंशी टक्के ताकद तुमच्या ट्रिपमध्ये बहुतेक वेळ झोपलेली असते. ती जागी होते ओव्हरटेक करताना, तेही काही सेकंद. मग १०० चे १०७ करून हातात काय पडणार?

रिमॅपबद्दल थोडं खोलात जाऊ, कारण यात सॉफ्टवेअर आहे आणि गैरसमजही बरेच आहेत. ईसीयूच्या मेमरीत मोठमोठे तक्ते असतात. एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला इंजिनवरचा लोड, आणि प्रत्येक चौकोनात किती पेट्रोल सोडायचं, स्पार्क पिस्टन वर येण्याआधी किती अंश आधी द्यायचा याचे आकडे. रिमॅप म्हणजे हे आकडे बदलणं. टर्बो इंजिनात टर्बोचा दाब वाढवता येतो, म्हणून तिथे मोठा फरक पडतो. पालिओ, सिटी यांच्या इंजिनांना टर्बो नाही. सिलिंडरमध्ये जेवढी हवा जाते तेवढीच जाणार, त्यामुळे फायदा बहुतेकदा एक आकडी टक्क्यात राहतो. तोसुद्धा कंपनीने ठेवलेली सुरक्षेची जागा खाऊन. स्पार्क जास्त आधी दिला की इंजिन नॉक करतं, आणि मे महिन्याच्या उन्हात चार माणसं घेऊन घाट चढताना तर हमखास. अनोळखी माणसाच्या लॅपटॉपमधली फाइल गाडीत टाकणं म्हणजे बॅकअप न घेता फोनवर कुठलीतरी कस्टम रॉम मारणं. फोन बंद पडला तर घरी बसून शिव्या देता येतात. गाडी बंद पडते तेव्हा तुम्ही आंबेनळीच्या वळणावर असता आणि फोनला रेंज नसते.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा गाभा असा: कंपनीने मुळात दिलेला तपशील आरसीवर नोंदलेला असतो, आणि गाडी त्याच्याशी जुळेनाशी होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हे आणखी पक्कं केलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२-अ आलं. त्यात परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. 'प्रत्येक बदलाला' हे शब्द नीट वाचा.

काही बदलांना वाट आहे. मान्यताप्राप्त सीएनजी किट बसवून आरसीवर नोंद करता येते. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची मंजुरी लागते. इलेक्ट्रिक रूपांतर करायचं तर पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेने मंजूर केलेलंच किट हवं. रंग बदलला तरी आरसीत नोंद करावी लागते. सायलेन्सर कापून आवाज काढणं मात्र कुठल्याच वाटेने बसत नाही. आवाजाच्या प्रदूषणासाठी कायद्यात वेगळं कलम आहे, आणि त्यात दंड १०,००० रुपयांपर्यंत जातो.

पण दंडापेक्षा मोठी भीती इन्शुरन्सची आहे, आणि तिच्याबद्दल रीलवर कोणी बोलत नाही. पॉलिसी ही आरसीवरच्या गाडीची असते. कंपनीला न कळवता केलेला मोठा बदल सर्व्हेअरला दिसला, तर तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकू शकतो. समोरच्या माणसाला गंभीर इजा झाली तर प्रकरण आणखी वाढतं. कोर्ट विमा कंपनीला भरपाई द्यायला लावून ती रक्कम मालकाकडून वसूल करायची मुभा देऊ शकतं. गाडी वडिलांच्या नावावर असेल तर मालक म्हणजे वडील.

वीस वर्षांच्या गाडीला आणखी एक गाठ आहे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. रायगडच्या एमएच-०६ गाड्यांसाठी पेणचं आरटीओ. १ एप्रिल २०२२ पासून कारच्या नूतनीकरणाची फी ५,००० रुपये झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या गाड्यांसाठी ती १०,००० केली गेली. शिवाय राज्याचा पर्यावरण कर. या तपासणीला गाडी आरसीप्रमाणे दिसावी लागते. म्हणून काहीही बदललं तरी काढलेला मूळ पार्ट भंगारात देऊ नका, गोणपाटात बांधून माळ्यावर टाका. फियाटने तर भारतातल्या कार विक्रीतून कधीच काढता पाय घेतला आहे. मूळ सायलेन्सर पुन्हा शोधायचा म्हटलं तर कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारात चपला झिजतील.

मोठे अलॉय आणि खाली बसवलेली गाडी

समजा मूळ टायर १७५/६५ आर१४ आहे. त्याचा व्यास ५८३ मिलिमीटर. हा आकडा तुम्हीही काढू शकता: १७५ चे ६५ टक्के म्हणजे ११३.७५, त्याची दुप्पट, अधिक १४ इंचांचे ३५५.६. आता १९५/५५ आर१५ घातला तर व्यास ५९५.५, फरक दोन टक्के. हे चालून जातं. पण दुकानात आहे म्हणून १८५/६५ आर१५ चढवला तर व्यास ६२१.५, म्हणजे साडेसहा टक्के जास्त. काटा १०० दाखवेल तेव्हा चाक पूर्वीपेक्षा साडेसहा टक्के जास्त अंतर कापत असेल, पिकअप मंद वाटेल आणि पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या अस्तराला घासू शकतो. फोनवरच्या जीपीएस स्पीडोमीटरने हा फरक सरळ रस्त्यावर पाच मिनिटांत कळतो (फोन शेजारच्याच्या हातात द्या). कंपनीने त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला दिलेली साइज घेणं सगळ्यात बिनधास्त.

गाडी खाली बसवणं? खाडीपट्ट्यातले रस्ते आणि कोकणातले स्पीडब्रेकर पाहून हा विचार आपोआप मावळायला हवा. सावित्रीचं पाणी महाडात काय करू शकतं ते जुलै २०२१ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. इथे ग्राउंड क्लिअरन्स हीच श्रीमंती.

मग पैसे कुठे घालायचे?

ज्या गोष्टींनी जुनी गाडी पुन्हा नव्यासारखी चालेल तिथे. याला मॉडिफिकेशन म्हणत नाहीत, म्हणून त्याचे रील बनत नाहीत.

सगळ्यात आधी ब्रेक. घाट उतरताना ब्रेक तापतात आणि ब्रेक ऑइल उकळलं तर पेडल मऊ होऊन खाली जातं. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ प्रकारचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं, पाणी शोषलेल्या ऑइलसाठी हीच किमान मर्यादा १५५ अंश. कोकणच्या दमटपणात दोन वर्षांनी ते बदलायचंच. कशेडीचा बोगदा सुरू झाल्यापासून खेडकडे जाताना तो घाट टळतो, पण महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरताना सुटका नाही. खालचा गिअर आणि ताजं ब्रेक ऑइल, दोन्ही लागतं.

मग टायर. बाजूला 'डॉट' अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी जुनं रबर कडक होतं आणि पहिल्याच पावसात घसरतं. जुनी गाडी कमी चाललेली असते म्हणून हा सापळा नेमका तिथेच. त्यानंतर सस्पेन्शनचे बुश आणि शॉकअब्जॉर्बर. हे बदलल्यावर गाडी इतकी वेगळी वाटते की 'रिमॅप केलं का?' असं मित्र विचारतात.

आता पेट्रोल. पंपावर मिळणारं ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, या गाड्या बनल्या तेव्हा अस्तित्वात नव्हतं. इथेनॉल जुने रबरी पाइप आणि ओ-रिंग कडक करतं किंवा फुगवतं, मग पेट्रोल झिरपतं आणि आगीचा धोका तयार होतो. इंजिनजवळचे फ्युएल पाइप इथेनॉल चालणारे घ्या. हा खर्च टाळण्यातला नाही. मायलेजचं म्हणाल तर नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात, ई१० साठी जुळवलेल्या चारचाकींना ई२० वर ६ ते ७ टक्के घट येईल असा अंदाज आहे. ऑक्सिजन सेन्सर असलेलं इंजेक्शन इंजिन पेट्रोलचं प्रमाण थोडंफार स्वतः सावरून घेतं. कार्ब्युरेटरवाल्या जुन्या कॉन्टेसाला ते जमत नाही, तिथे जाणकार मेकॅनिककडून जेट बदलून घ्यावे लागतात.

रात्रीच्या प्रवासासाठी हेडलाइट. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये स्वस्त एलईडी घातला की उजेड सगळीकडे फाकतो, समोरच्याचे डोळे दिपतात आणि तुम्हालाही लांबचं दिसत नाही. जुन्या गाडीत खरा दोष बहुतेकदा वायरिंगचा असतो. झिजलेल्या वायरमुळे बल्बपर्यंत पूर्ण १२ व्होल्ट पोचतच नाहीत. मूळ ६०/५५ वॅटचाच बल्ब ठेवून रिले हार्नेस टाकला की लख्ख फरक पडतो.

फोनवर इंजिनचा डेटा बघायला ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर घ्यायचा मोह होतो. पण आपल्याकडे ओबीडी-२ सक्तीचं झालं २०१३ मध्ये. २००२ च्या गाडीत सॉकेट दिसला तरी स्कॅनर बोलेलच असं नाही, तेव्हा आधी मित्राचा लावून बघा.

गाडी चार महिने उभी राहणार असेल तर

तुडीलला खाडीची खारी हवा आणि वर कोकणातला पाऊस, त्यात गाडी ताडपत्रीखाली जूनपासून गणपतीपर्यंत उभी. स्पोर्टी गाड्यांचा जीव इथेच जास्त जातो. ताडपत्री बॉडीला चिकटवून बांधू नका, खाली ओल कोंडते आणि पत्रा गंजतो. शेड असेल तर उत्तम. हँडब्रेक सोडून चाकांना दगड लावा, नाहीतर मागचे लायनर ड्रमला चिकटतात. टाकी भरून ठेवा. रिकाम्या टाकीत ओलसर हवा राहते आणि इथेनॉल त्यातलं पाणी ओढून घेतं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. घरी कोणी गाडी चालवणारं असेल तर दोन आठवड्यांनी एकदा महाडपर्यंत फिरवून आणायला सांगा. जागेवर पाच मिनिटं स्टार्ट ठेवून उपयोग नाही, इंजिन नीट तापत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी साचतं. आणि स्टार्ट करण्याआधी बॉनेट उघडून बघायला सांगा, पावसाळ्यात उंदरांना एअर फिल्टरचा डबा फार आवडतो.