दंभाची झडती

निजामाच्या अमलाखालील नांदेड-लातूरच्या मुलखात १८९९-१९०० च्या दुष्काळाने रयतेची दाणादाण उडविली असता, अन्नाच्या वाटेने येणारा धर्म अंतःकरणापर्यंत पोहोचतो काय, हा प्रश्न ख्रिस्ती मिशनांच्या दारी उभा राहणे अपरिहार्य होते. त्याचे अत्यंत प्रामाणिक उत्तर मात्र मराठवाड्याबाहेर, टिळक दांपत्याच्या चरित्रात सापडते.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईस बाप्तिस्मा घेतला. परंतु लक्ष्मीबाई पतीच्या मागोमाग गेल्या नाहीत. संसार पुन्हा एकत्र मांडल्यावरही त्यांनी आपले सोवळे, स्वयंपाक आणि पाणी निराळे राखले, आणि जातिभेद मनुष्यकृत आहे अशी स्वतःची खात्री पटल्यावरच सोवळे टाकून १९०० मध्ये ख्रिस्ती दीक्षा स्वीकारली. नुसत्या तोंडदेखल्या होकाराने घरातील दुरावा मिटला असता. तो होकार त्यांनी दिला नाही, हीच त्यांची धर्मनिष्ठा होय. पुढे १९१७ मध्ये टिळकांनीही अमेरिकन मराठी मिशनची सवेतन चाकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या येशूभक्तांस तेथे सारखेच स्थान दिले.

अशा तोंडदेखल्या धर्माला विरोध म्हणूनच डोंगरावरील प्रवचनात ख्रिस्ताने दान, प्रार्थना व उपवास यांचे प्रदर्शन निषिद्ध मानले आहे. म्हणून नांदेड-लातूरच्या ख्रिस्ती बांधवांनी, आणि आम्हा सर्वांनीच, शेजाऱ्याच्या भक्तीची चौकशी करण्यापूर्वी स्वतःच्या अंतःकरणाची झडती नित्य घ्यावी.