कसब आणि कसबा

इंग्लंडच्या नकाशावर ‘चिपिंग’ या शब्दाने सुरू होणारी बरीच गावे सापडतात: चिपिंग नॉर्टन, चिपिंग सॉडबरी, चिपिंग कॅम्पडेन. ‘चिपिंग’ हा जुन्या इंग्रजीतला बाजारवाचक शब्द. स्वस्त या अर्थाचा आजचा ‘चीप’ त्याच कुळातला, आणि कोपनहेगनच्या नावातही व्यापाऱ्याचा तोच जुना शब्द दडलेला आहे. कोल्हापूरकडच्या वाचकाला हे फोड करून सांगायला नको. त्याच्याकडे पेठ वडगाव आहे, बाजार भोगाव आहे. नावाला पेठ लागली की आसपासची गावे आठवड्यातून एकदा त्या गावाकडे वळणार, हे त्याला ठाऊक असते.

भाषांतराचे काम करताना ‘मार्केट टाउन’ या साध्या शब्दापाशी मी अनेकदा अडले आहे. ‘बाजारपेठ’ म्हटले तर दुकानांची रांग डोळ्यांपुढे येते, गाव येत नाही. ‘शहर’ मोठे होते, ‘खेडे’ लहान. शेवटी जुन्या मराठी दफ्तरांनी सोडवणूक केली. त्या कागदांत साध्या गावाच्या नावामागे ‘मौजे’ येते आणि बाजाराच्या गावामागे ‘कसबे’. कसबा म्हणजे जिथे पेठ आहे, शेटे-महाजन आहेत, जकातीचा हिशेब आहे असे गाव. पुण्याच्या सर्वांत जुन्या वस्तीचे नाव कसबा आहे ते त्यामुळेच. मराठी कानाला ‘कसबा’ आणि ‘कसब’ सख्खे भाऊ वाटतात. अरबीत दोघांची मुळे वेगळी आहेत: कसब कमाईच्या धातूपासून आले, कसबा दुसऱ्याच. पण चिपिंग कॅम्पडेन पाहिल्यापासून हे दोन शब्द माझ्या मनात वेगळे राहिलेले नाहीत.

कॅम्पडेन ग्लॉस्टरशरमध्ये, कॉट्सवोल्डच्या टेकड्यांच्या उत्तर टोकाला आहे. तिथे मी गेले ते मोटरहोममधून. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेली माझी मावसबहीण आणि तिचा नवरा यांनी आठवड्यासाठी ती भाड्याने घेतली होती. झोपायला दोन फळ्या, ओट्याएवढा ओटा, पिण्याच्या पाण्याची टाकी, सांडपाण्याची वेगळी टाकी असे चाकांवरचे बिऱ्हाड. तिकडच्या गाडीवाटा दोन्ही बाजूंनी कुंपणाच्या झुडपांनी आवळलेल्या असतात. समोरून ट्रॅक्टर आला की कोणीतरी मागे जायचे, आणि बहुतेक वेळा ते आम्हीच. गावात शिरल्यावर मात्र रस्ता एकदम रुंद होतो. मधाच्या रंगाच्या चुनखडी दगडाची घरे दोन्ही बाजूंना एकाला एक चिकटून उभी, आणि मधला रस्ता हळूच वळत गेलेला. ही रुंदी गाड्यांसाठी ठेवलेली नव्हती. ती मेंढ्यांसाठी, गाठोड्यांसाठी, बाजाराच्या दिवसासाठी होती.

या गावाला बाजाराचा हक्क मिळाला तो ११८५च्या सुमारास, दुसऱ्या हेन्रीच्या कारकिर्दीत. बाजार भरवायचा तर सनद लागे, आणि सनद मिळालेला जमीनदार रस्त्याच्या दोन्ही अंगांना भूखंड पाडून लोकांना बोलावी. भूखंड समोरून अरुंद आणि मागे लांबच लांब: दर्शनी बाजूस दुकान, मागे अंगण, कोठार, बाग. आजही तिथल्या घरांच्या मागे हे पट्टे ओळखू येतात. या भूखंडधारकाने मालकाला रोख भाडे द्यायचे, वेठ नाही. शेजारच्या खेड्यातला कुळवाडी मालकाच्या शेतात ठरलेले दिवस राबे. पेठेतला माणूस पैसे मोजून मोकळा. आपल्याकडे पेठ वसवण्यासाठी शेटे-महाजनांना कौल दिला जाई, वसणाऱ्यांना काही वर्षे कर माफ असे, त्यामागेही हाच व्यवहार होता. माणसे आपण होऊन यावीत म्हणून त्यांना थोडी मोकळीक द्यावी लागे.

मग लोकर आली. चौदाव्या शतकात कॉट्सवोल्डची लोकर फ्लँडर्स आणि इटलीच्या मागांपर्यंत जात होती. विल्यम ग्रेव्हेल या कॅम्पडेनच्या व्यापाऱ्याचे, सुमारे १३८०मधले घर हमरस्त्यावर अजून उभे आहे. तो १४०१ साली वारला. चर्चमधल्या त्याच्या थडग्यावरच्या पितळी पत्र्यावर, साऱ्या इंग्लंडातल्या लोकर व्यापाऱ्यांचे तो फूल होता, अशा अर्थाचा लॅटिन मजकूर आहे. पुढे कच्ची लोकर विकण्यापेक्षा कापड विणून विकण्यात नफा दिसू लागला. कापडाच्या गिरण्यांना वाहते जोरदार पाणी हवे. ते दक्षिणेला स्ट्राउडच्या खोऱ्यांत होते, कॅम्पडेनला नव्हते. लंडनच्या बॅप्टिस्ट हिक्स या रेशीम-कापडाच्या व्यापाऱ्याने १६२७ साली रस्त्याच्या मधोमध कमानींचा बाजारमंडप बांधून दिला. लोणी, चीज आणि कोंबड्या विकणाऱ्यांच्या डोक्यावर त्यामुळे छप्पर आले. त्याच्या बांधकामाचा पैसा लंडनचा होता, आणि लोकरीची मोठी उलाढाल गावातून केव्हाच ओसरली होती.

आज आपण ज्याला कॅम्पडेनचे सौंदर्य म्हणतो ते या ओसरण्याचे फळ आहे. एकोणिसाव्या शतकात इथे पैसा असता तर जुनी घरे पाडून नवी उठली असती. पैसा नव्हता, म्हणून ती राहिली. आणि ती राहिली म्हणून १९०२ साली लंडनहून सी. आर. ॲशबी तिथे आला.

ॲशबी वास्तुविशारद होता, जॉन रस्किन आणि विल्यम मॉरिस यांच्या विचारांवर वाढलेला. यंत्राने कारागिराचा हात आणि आनंद दोन्ही काढून घेतले, असे तो मानत असे. १८८८मध्ये त्याने पूर्व लंडनच्या वस्तीत ‘गिल्ड ऑफ हँडिक्राफ्ट’ काढली. चांदीकाम, लोहारकाम, सुतारकाम, छपाई. काम करणाऱ्यांचा नफ्यात वाटा. चौदा वर्षांनी ही सारी मंडळी बायकामुलांसह, सुमारे दीडशे माणसे, त्याने कॅम्पडेनला हलवली. बंद पडलेल्या रेशमाच्या गिरणीत कार्यशाळा थाटली.

याच मंडळीच्या ओढीने तिथे आणखी एक माणूस आला, आणि भारतीय वाचकाने कॅम्पडेनला जाण्याचे खरे कारण तो आहे. आनंद कुमारस्वामींचा जन्म कोलंबोचा, १८७७चा. वडील तमिळ, आई इंग्रज. शिक्षणाने ते भूगर्भशास्त्रज्ञ. सिलोनच्या खनिज सर्वेक्षणाचे काम करताना गावोगावचे कारागीर त्यांनी पाहिले. गावापासून दीडेक किलोमीटरवर ब्रॉड कॅम्पडेनमध्ये बाराव्या शतकातल्या एका प्रार्थनामंदिराचे अवशेष होते. ॲशबीने त्याचे घर केले आणि १९०७पासून कुमारस्वामी पत्नी एथेलसह तिथे राहू लागले. मॉरिसने आपला चॉसर ज्या हातछापखान्यावर छापला, तो ॲशबीमार्फत त्यांच्याकडे आला. त्यावर १९०८मध्ये त्यांनी ‘मिडिईव्हल सिंहलीज आर्ट’ हा मोठा ग्रंथ छापला, अवघ्या ४२५ प्रती. पुढच्याच वर्षी ‘द इंडियन क्राफ्ट्समन’ हे छोटे पुस्तक आले. त्याची प्रस्तावना ॲशबीची.

गावात पिढीजात हक्काने राहणारा, धान्याच्या रूपात मोबदला घेणारा, बाजाराच्या चढउतारांपासून सुरक्षित आणि म्हणून आपल्या कामात रमलेला कारागीर: ‘द इंडियन क्राफ्ट्समन’ने हे चित्र जगापुढे ठेवले. त्यासाठी कुमारस्वामी जॉर्ज बर्डवुडच्या लेखनाचा आधार घेतात. बर्डवुड बेळगावात जन्मलेला, मुंबईच्या संग्रहालयाच्या उभारणीत वाटा असलेला अधिकारी. वेशीवर चाकाशी बसलेला पिढीजात कुंभार त्याने आपल्या १८८०च्या ग्रंथात मोठ्या प्रेमाने रंगवला आहे. स्वदेशीच्या दिवसांत हे चित्र आपल्याकडे परत आले, आणि आपण ते आपलेच म्हणून ओळखले. ते पूर्णपणे परके होते असे मी म्हणणार नाही. पण त्याची चौकट कॉट्सवोल्डच्या दगडाची होती. यंत्राला कंटाळलेल्या इंग्लंडने जे गमावले असे त्याला वाटत होते, ते त्याने आपल्या खेड्यात शोधले.

आणि ज्या गावात हे पुस्तक घडत होते तिथेच त्याची परीक्षाही चालू होती. ॲशबीची गिल्ड १९०८पर्यंत बुडाली. लंडनच्या मोठ्या दुकानांत यंत्रावर घडलेली, पण हातकामासारखी दिसणारी चांदीची भांडी कमी दामात मिळू लागली होती. दुसरे कारण अधिक बोचरे आहे. लंडनमध्ये मागणी मंदावली की कारागीर तात्पुरते दुसऱ्याच्या कारखान्यात जाई, मागणी वाढली की परत येई. कॅम्पडेनमध्ये दुसरा कारखाना नव्हता. ज्या एकान्तासाठी गिल्ड तिथे आली, त्यानेच तिला कोंडले. ॲशबीपाशी वास्तुविशारदाचा पेशा होता. त्याचे जगणे त्या गिरणीला बांधलेले नव्हते. कारागिरांपैकी काही पांगले, काही जमिनीचा तुकडा कसत तिथेच राहिले.

त्या गिरणीत हार्ट घराण्याची चांदीकामाची कार्यशाळा मात्र टिकून आहे, गिल्डच्या काळापासून पिढ्यान्‌पिढ्या. जिना चढून गेले की हातोडीचा आवाज येतो. कुमारस्वामींना ही परंपरा पाहून समाधान वाटले असते, आणि मलाही वाटले. फक्त एक फरक नोंदवायला हवा. इथला मुलगा चांदीकाम शिकतो तेव्हा त्याला दुसरे काही शिकण्याची बंदी नसते. शिवाय त्याचे गिऱ्हाईक बाहेरून येते, बरेचसे आमच्यासारखे, गाडी लावून.

त्या गाडीलाही इतिहास आहे. फिरण्याच्या हौसेसाठी बांधलेले पहिले चाकांवरचे घर इंग्लंडमध्ये १८८५ साली तयार झाले, गॉर्डन स्टेबल्स या नौदलातल्या माजी डॉक्टरासाठी. दोन घोडे ते ओढत आणि त्याचे नाव होते ‘वाँडरर’, भटक्या. जिप्सींसारखे पण सुखवस्तूपणे फिरायची ही कल्पना इतकी आवडली की १९०७मध्ये कॅरव्हान क्लब निघाला. कुमारस्वामी ब्रॉड कॅम्पडेनला राहायला गेले ते हेच वर्ष. त्याच काळात हेच सरकार भारतात काय करत होते, ते आपल्याला माहीत आहे. १८७१च्या कायद्याने समूहच्या समूह जन्मतः गुन्हेगार ठरवण्याची सोय झाली आणि १९११च्या कायद्याने तो फास मुंबई इलाख्यापर्यंत आला. पारधी, कैकाडी यांना हजेरी द्यावी लागली. घर पाठीवर घेऊन फिरणे एकाचा छंद ठरला, दुसऱ्याचा गुन्हा.

आम्ही रात्री मुक्काम केला तो एका शेतकऱ्याच्या कुरणात. क्लबच्या मान्यतेने अशा जागी पाचच गाड्या थांबू शकतात. पलीकडे मेंढ्या चरत होत्या. हल्ली लोकरीच्या भावातून मेंढी कातरायची मजुरीही अनेकदा निघत नाही. त्या कुरणात लोकरीपेक्षा आमच्या मुक्कामाचे भाडेच जास्त भरवशाचे असावे.

तिथे बसून मला ‘गाव-गाडा’ आठवत राहिले. त्रिंबक नारायण आत्रे यांचे हे पुस्तक १९१५चे, म्हणजे कुमारस्वामींच्या पुस्तकानंतर सहाच वर्षांचे. आत्रे महसूल खात्यातले. त्यांनी बलुतेदारी कागदावर आणि खळ्यावर, दोन्हीकडे पाहिली होती. कुमारस्वामींना जिथे स्थैर्य दिसले तिथे त्यांना कुजलेला करार दिसला: काम होवो न होवो, वतनाचा हक्क चालू, कुणब्याच्या राशीवर सगळ्यांचे हात, आणि कसब सुधारायचे कारण कोणालाच नाही. भटक्या जमातींबद्दल आत्र्यांनी लिहिलेले आज वाचताना खटकते. फिरणाऱ्यांकडे ते सरकारच्याच नजरेने पाहतात. तरीही ठरलेल्या जागी बांधलेला कारागीर सुखी असतो, या समजुतीला त्यांच्याइतके सविस्तर उत्तर त्या काळात दुसरे मिळणे कठीण.

आत्र्यांनी जे अर्धे ठेवले ते आंबेडकरांनी पूर्ण केले. १९३६मध्ये त्यांनी दाखवून दिले की जात ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रम करणाऱ्यांचीच विभागणी आहे. नोव्हेंबर १९४८मध्ये घटना समितीत बोलताना, मेटकाफने खेड्यांना छोटी प्रजासत्ताके म्हटल्याचा उल्लेख करून त्यांनी त्या कौतुकाची झाडाझडती घेतली. ज्याला गावात विहिरीवर पाणी भरता येत नव्हते, त्याच्या दृष्टीने गावाचे स्वयंपूर्ण असणे म्हणजे बाहेर जायला वाट नसणे. पेठेत निदान पैसा मोजता येतो, आणि पैसा हातात असला की उद्या दुसऱ्या पेठेत जाता येते.

याचा अर्थ बाजार न्यायी असतो असा नाही. त्याच बाजाराने ॲशबीच्या कारागिरांना उघड्यावर टाकले आणि आपल्या विणकरांना तर त्याहून वाईट दिवस दाखवले. कुमारस्वामींचा राग खरा होता, आणि त्यांच्यामुळे आपल्या कारागिराकडे जगाने आदराने पाहिले हेही खरे. मला एवढेच म्हणायचे आहे की ग्रेव्हेलचे घर, हिक्सचा मंडप आणि गिरणीतली हातोडी यांत एकही गोष्ट स्वयंपूर्ण खेड्याने घडवलेली नाही. हे सारे कोणीतरी कुठूनतरी येऊन विकत घेतल्यामुळे उभे आहे.

‘द इंडियन क्राफ्ट्समन’ मराठीत आणावे असे अधूनमधून मनात येते. पहिली अडचण शीर्षकातच आहे. ‘कारू’ म्हटले की गावगाड्याचे जू आपोआप मानेवर येते. ‘बलुतेदार’ म्हटले तर पुस्तकातले शहरांतले संघ आणि राजाश्रयाचे कारागीर बाहेर पडतात. ‘कारागीर’ सुरक्षित आहे, आणि म्हणूनच काही सांगत नाही. कुमारस्वामींनी कोणता शब्द पसंत केला असता ते मला दिसते. तरी मी ‘कसबी’ लिहीन. ज्याची कमाई त्याच्या हातात आहे आणि जो हात घेऊन दुसऱ्या गावी जाऊ शकतो, तो कसबी.