नावेची नोंद

काशीस शिंदे घाट आणि भोसले घाट यांच्या दरम्यान संकठा घाट आहे. संकठादेवीच्या दर्शनास जाणारे यात्रेकरू या पायऱ्या चढतात. शेजारचा शिंदे घाट एकोणिसाव्या शतकात बायजाबाई शिंदे यांनी बांधविला, आणि ते अवजड बांधकाम स्वतःच्याच भाराने खचले, ही हकीकतही इतिहासात नमूद आहे. दगड कोणी बसविला आणि कोठे ढळला, हे सांगता येते. परंतु त्याच घाटाला बांधलेल्या नावेची जन्मकथा कोणत्या दप्तरात शोधावी?

वस्तुतः नावेवाचून काशीचा घाट अर्धाच. होळीनंतरच्या बुढवा मंगल उत्सवात रईसांचे शृंगारलेले बजरे गंगेच्या पात्रात एकत्र येत आणि त्यांवर गाण्याच्या मैफली रंगत. त्या मैफलींची कीर्ती उरली, बजरे गेले.

नावांची नोंद मुळीच होत नाही, असे नव्हे. 1917 च्या अंतर्देशीय नौकांच्या कायद्याची जागा 2021 च्या कायद्याने घेतली आहे. पण त्या नोंदीचा हेतू प्रवाशांची सुरक्षितता हा. नावेचा घाट कसा, फळ्यांचे सांधे कसे, याच्याशी तिला कर्तव्य नाही. पुरावस्तूंसाठी 1972 चा कायदा आहे. त्यात सामान्यतः 100 वर्षे वयाची अट आहे. लाकडी नाव ती कशी गाठणार? आज ही फळी बदलते, उद्या ती. काही वर्षांनी तिला जुनी म्हणावे की नवी, हाच प्रश्न पडतो!

इंग्लंडने ऐतिहासिक नौकांची राष्ट्रीय सूची केली, तेव्हा वयाची अट 50 वर्षांचीच ठेवली. त्या सूचीत एक नौका मुंबईची आहे. 1817 मध्ये वाडियांनी मुंबईच्या गोदीत मलबारी सागवानाची बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ आज हार्टलपूल येथे डागडुजी होऊन पाण्यावर उभी आहे. अर्थात, नाव सूचीत आले म्हणजे कायद्याचे कवच लाभले, असे तेथेही नाही. आणि कीर्तीनेही नौका तरतेच असे नाही. 1971 च्या युद्धातील ‘विक्रांत’ काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून होती. 2014 मध्ये मुंबईतच ती मोडीत निघाली.

तथापि, नौका गेली तरी तिची मापे राहू शकतात. 2025 मध्ये भारतीय नौदलात दाखल झालेले ‘कौंडिण्य’ हे शिवणीचे जहाज घडविताना जुना आराखडा उपलब्ध नव्हता. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातील एका जहाजावरून सारे अनुमान बांधावे लागले. पंधराशे वर्षांपूर्वीच्या चित्रकाराने निदान तेवढे तरी ठेवले होते.

गंगेवरील नावेच्या बाबतीत एवढी पाळी यायचे कारण नाही. अलीकडे अनेक नावांवर गॅसची इंजिने बसली असली, तरी लाकडी नाव अद्याप आहे आणि तिची दुरुस्ती जाणणारे मल्लाहही आहेत. दुरुस्तीसाठी नाव काठावर ओढली जाते, तेव्हा तिचा तळ उघडा असतो. लांबी-रुंदी, आतील आडव्या वाशांची संख्या, लाकडाची जात आणि प्रत्येक भागाला मल्लाहाच्या तोंडी असलेले नाव, एवढे त्या वेळी टिपून घेता येते. पुढे फटी बुजवून डांबर चढले आणि नाव पाण्यात लोटली, की यांतले बरेचसे पुन्हा दृष्टीआड होते.