एका रात्रीत तीन कॅसेट

१९८५ च्या उन्हाळ्यात बार्शीत आमच्या गल्लीत एक लग्न झालं आणि लग्नाच्या दुसऱ्या रात्री वर्गणी काढून व्हीसीआर आणला गेला. सोबत भाड्याचा रंगीत टीव्ही आणि तीन कॅसेट. पुरुष अंगणात, बायका ओसरीवर आणि मधे दोरीवर टाकलेली एक चादर. ती चादर इतकी पातळ होती की तिचा उपयोग फक्त मान ठेवण्यापुरता. आम्ही पोरं जमिनीवर, टीव्हीच्या इतक्या जवळ की कुणीतरी मधूनमधून मागे ओढायचं. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. पहिली कॅसेट ‘कुली’ची, ती आमच्यासाठी. दुसरी ‘मेरे मेहबूब’, ती मोठ्यांसाठी. तिसरी ‘निकाह’. ती कुणी मागवली हे शेवटपर्यंत कळलं नाही. मला संशय आहे, पण तो पुढे सांगतो.

‘कुली’ १९८३ चा, मनमोहन देसाईंचा. अमिताभ त्यात इक्बाल आणि त्याच्या दंडावर ७८६ चा बिल्ला. त्याआधी १९७५ च्या ‘दीवार’मध्येही हाच आकडा होता, पण तिथे तो विजय नावाच्या, देवळाची पायरी न चढणाऱ्या माणसाच्या खिशात होता आणि त्याचा अर्थ त्याला रहीमचाचा समजावून सांगतात. ‘कुली’त बिल्ला आणि नाव एकाच माणसाचं होतं. बारा वर्षांच्या मुलासाठी हा फरक केवढा मोठा होता, ते आज सांगून पटणार नाही. शाळेत माझं नाव हजेरीत आलं की मागून कुणीतरी हळूच काही बोलायचं. ‘कुली’नंतरचे काही महिने त्याच मुलांनी मला इक्बाल म्हणून हाक मारली आणि मी खुशाल ओ दिली.

‘मेरे मेहबूब’ लागला तेव्हा मात्र आम्ही पोरं गोंधळलो. १९६३ चा चित्रपट, एच. एस. रवैल यांचा. अलीगढच्या विद्यापीठात बुरख्यातल्या मुलीचे फक्त डोळे दिसतात आणि राजेंद्रकुमार कामातून जातो. पुढे लखनौ, शेरवान्या, झुंबरं, आदाब. मोठी माणसं डोळे पुसत होती. माझ्या शेजारी बसलेल्या चुलतभावाने विचारलं, “ये लोगां कहाँ के रे?” प्रश्न रास्त होता. आमच्याकडे शेरवानी नवरदेवालासुद्धा भाड्याने मिळायची. अब्बा जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवायचे. घरात दखनी, बाहेर मराठी, आणि उर्दू म्हणजे जुम्म्याचा खुतबा नाहीतर लग्नपत्रिका. जेवणात ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी. पडद्यावरचे मुसलमान आमचे आहेत असं सगळे सांगत होते, पण ते आमच्यासारखे अजिबात नव्हते.

या चित्रपटांना ‘मुस्लिम सोशल’ म्हणायची पद्धत होती. मेहबूब खान यांचा १९४३ चा ‘नजमा’ हा या परंपरेतला सुरुवातीचा महत्त्वाचा चित्रपट. मग १९६० मध्ये गुरुदत्तने काढलेला ‘चौदहवीं का चाँद’, १९६३ चा ‘मेरे मेहबूब’, आणि १९७२ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या मराठा मंदिरात लागलेला कमाल अमरोहींचा ‘पाकीज़ा’. तो लागल्यावर दोन महिन्यांच्या आत, ३१ मार्चला, मीनाकुमारी गेली. मोठेपणी हे चित्रपट पुन्हा पाहताना एक गोष्ट लक्षात आली. साठच्या दशकातला ‘मेरे मेहबूब’ जे लखनौ दाखवतो ते तेव्हाच संपत आलेलं होतं. फाळणीने घरं फुटली होती, उत्तर प्रदेशात जमीनदारी निर्मूलनाचा कायदा येऊन दशक उलटलं होतं. चित्रपटातला अशोककुमारचा नवाबसुद्धा कर्जात बुडालेला आहे, हवेली हातातून चाललेली आहे. म्हणजे मी ज्यांच्या आठवणीने आज हळवा होतो, ते चित्रपट स्वतःच कुणाच्या तरी आठवणीने हळवे झालेले होते. ती आठवण सरंजामदारांची होती. त्यांच्या हवेलीत पाणी भरणाऱ्या मुसलमानाची कथा त्यात नाही. आणि बार्शीच्या मास्तराची तर नाहीच नाही.

असं असूनही अब्बांना ‘मेरे मेहबूब’ अतोनात आवडायचा. मी एकदा तिरसटपणे विचारलं, तुमचा काय संबंध त्या नवाबाशी? ते म्हणाले, “त्यात कुणी आपल्याला घाबरत नाही, आणि कुणी आपली कीव पण करत नाही.” हे उत्तर मी पुढे अनेक समीक्षकांच्या लेखांत शोधलं. इतकं नेमकं कुठे सापडलं नाही.

‘गर्म हवा’ मी त्यानंतर काही वर्षांनी टीव्हीवर पाहिला. एम. एस. सथ्यू यांचा, इस्मत चुगताईंच्या कथेवरून कैफी आझमी आणि शमा झैदी यांनी लिहिलेला. आग्र्याचा बुटांचा कारखानदार सलीम मिर्झा म्हणजे बलराज साहनी. चित्रपट लागायच्या आधीच, एप्रिल १९७३ मध्ये ते वारले. त्यात सलीमची म्हातारी आई हवेली सोडायला तयार नसते, सरपणाच्या खोलीत लपून बसते. त्या प्रसंगाला अम्मी उठून आत गेली. तिचं माहेर उस्मानाबादकडचं. १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर तिच्या आजीने घर सोडलं होतं, ते कधीच परत मिळालं नाही, एवढंच आम्हाला माहीत होतं. त्या रात्री पहिल्यांदा तिने त्या घराच्या दाराचा रंग सांगितला. हिरवा. पुढे काही नाही.

आता तिसरी कॅसेट. बी. आर. चोप्रांचा ‘निकाह’ १९८२ चा, अचला नागर यांनी लिहिलेला. नीलोफरचा पहिला नवरा भांडणात तीनदा तलाक म्हणतो आणि संसार मोडतो. दुसरा नवरा, हैदर, चांगला माणूस आहे. पण तोही गैरसमजातून तिला तलाक देऊन पहिल्याकडे परत पाठवायला निघतो, तिला न विचारता. शेवटी ती दोघांनाही सुनावते, की मी काय वस्तू आहे का. त्या रात्री चादरीपलीकडचं बोलणं, पोरांची रडारड, सगळं थांबलं होतं. कॅसेट संपली तेव्हा ओसरीवरून माझ्या फुफूचा आवाज आला, “वो आखरीका फिर से लगाव रे.” व्हीसीआरवाल्या पोराने मागे घेऊन पुन्हा लावलं. कुणी हरकत घेतली नाही.

फुफूला तलाक पोस्टाने आला होता. १९७४ मध्ये. रजिस्टर पत्र, तिचा अंगठा घेतला आणि पाकीट दिलं. वाचून अब्बांनी दाखवलं. त्यानंतर तिने शिलाई मशीन घेतली आणि गल्लीतल्या निम्म्या पोरांचे सदरे शिवले. तिच्या तोंडून या विषयावर मी एक वाक्य ऐकलं नव्हतं, आणि त्या रात्रीही तिने एवढंच म्हटलं.

त्याच वर्षी, २३ एप्रिल १९८५ ला, सर्वोच्च न्यायालयाने शाहबानो प्रकरणात निकाल दिला होता. पुढच्या वर्षी तो संसदेने कायदा करून फिरवला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या कितीतरी आधी, १८ एप्रिल १९६६ ला, हमीद दलवाई सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन मुंबईत विधानभवनावर गेले होते. १९७० मध्ये त्यांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. दलवाई मराठीत लिहीत होते, अब्बा मराठीचे मास्तर होते, पण आमच्या घरात दलवाईंचं नाव आवाज खाली करून घेतलं जायचं. जे छापील मराठीने आमच्या ओसरीपर्यंत आणलं नाही ते एका भाड्याच्या कॅसेटने आणलं. ‘निकाह’चे दोष मला दिसतात. नवाब, बंगले, गझला यांतून तोही सुटलेला नाही. शिवाय फुफूला कुठला हैदर भेटला नाही.

आणि आमच्यासारखा मराठी मुसलमान? तो मला पडद्यावर फार उशिरा दिसला, तोही मुसलमान म्हणून नव्हे. १९६१ च्या ‘प्रपंच’मध्ये शाहीर अमर शेख कुंभाराच्या भूमिकेत आहेत. आमच्या बार्शीचेच, मूळ नाव मेहबूब. चाकावर बसलेला, पोराबाळांच्या ओझ्याने वाकलेला तो माणूस पाहिला आणि वाटलं, ‘मेरे मेहबूब’ बघणाऱ्या अंगणातली निम्मी माणसं अशीच दिसायची.

गेल्या रमजान ईदला फुफूला मोबाईलवर ‘निकाह’ लावून दिला. तिला आता कमी दिसतं, म्हणून ती बहुतेक ऐकतच होती. शेवट आला तेव्हा तिने विचारलं, “ये लडकी नौकरी करती थी ना?” मी म्हटलं, हो, मासिकात. “मग बोलेगीच,” ती म्हणाली. थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, आता ते अमर अकबर लाव.